आधी बर्फ बघा, मग बूट

वाचक विचारतात : रोलर आणि आइस स्केटिंग

डोंगरात सुट्टीला जायचं आणि तिथली स्केटिंग रिंक गाठायची, असा बेत आखणाऱ्यांची पत्रं या वेळी पुष्कळ आली. बहुतेकांनी बुटांबद्दल विचारलंय. बुटांकडे येऊच, पण डोंगरातला स्केटिंगचा दिवस बिघडतो तो बहुधा पायाखालच्या पृष्ठभागामुळे आणि वेळ चुकल्यामुळे. म्हणून सुरुवात तिथून.

प्रश्न : उघड्यावरच्या, नैसर्गिक बर्फाच्या रिंकवर आम्ही ऐन थंडीत गेलो. दोन स्वेटर घालूनही कुडकुडत होतो आणि दारावर पाटी : ‘आज बर्फ धरलेला नाही.’ एवढ्या थंडीत बर्फ धरत नाही म्हणजे काय? जायचा दिवस निवडायचा तरी कसा?

आदल्या रात्री आकाश ढगाळ होतं का, ते आठवून बघा. बहुधा होतं.

अशा रिंकखाली गोठवणारं यंत्र नसतं. सूर्य डोंगराआड गेला की पाण्याचा पातळ थर शिंपडायचा, तो गोठला की दुसरा, मग तिसरा, असं रात्री चालतं. पाण्यातली उष्णता थोडी हवेत जाते, पण बरीचशी सरळ वर, मोकळ्या आकाशात निघून जाते. ढग आले की ते गोधडीसारखे पसरतात आणि निघालेली उष्णता खाली परत पाठवतात. त्यामुळे निरभ्र, शांत रात्री हवा शून्याच्या अंशभर वर असली तरी पातळ थर गोठू शकतो, आणि ढगाळ रात्री हवा शून्याला टेकली तरी पाणी पाणीच राहतं. वाराही नडतो, कारण तो वरची उबदार हवा ढवळून खाली आणतो. तुम्हाला वाजलेली थंडी बरीचशी त्या वाऱ्याची असू शकते. अंगाला थंडी वाजणं आणि पाणी गोठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९२० मध्ये सुरू झालेली शिमल्याची रिंक याच तत्त्वावर उभी राहिली. उंची २,२०० मीटरच्या आसपास, हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि स्केटिंग सकाळी किंवा संध्याकाळी. दुपार उन्हाची. बहुतेक नैसर्गिक रिंकचं वेळापत्रक असंच असतं आणि त्यात कुणाची लहर नसते.

तेव्हा हवामानाचा अंदाज बघताना किमान तापमानावर थांबू नका. रात्रीचं आकाश कसं असेल आणि वारा किती असेल, ते बघा. सलग दोन निरभ्र रात्री झाल्या की तिसऱ्या दिवसाची पहिली पाळी गाठा. आदल्या दिवशी बर्फवृष्टी झाली असेल तर हुरळून जाऊ नका. भुसभुशीत हिम खालच्या थरावर पांघरूण घालतं आणि वेळेत उपसलं नाही तर खडबडीत पांढरा थर होऊन चिकटतं. स्केटिंग करणाऱ्याला हिमवृष्टी नकोच असते.

रिंकवर पोचल्यावर नाडी बांधण्याआधी वाकून बर्फाला अंगठ्याचं नख लावा. कोरडा पांढरा ओरखडा उठला तर बर्फ कडक आहे. नखामागे ओली रेघ राहिली तर वरचा थर सुटायला लागलाय. अशा बर्फात ब्लेड रुतत जातं, जोर दुप्पट लागतो आणि वळताना पाय अडकतो. मग तासाभराचे पैसे भरण्यापेक्षा संध्याकाळची पाळी घ्या. उलट, पहाटेचा अगदी कडक बर्फ ठिसूळ असतो. त्यावर कड टेकवली की ढलपे उडतात आणि ब्लेड खडखडतं. पहिली दहा मिनिटं मोठी वळणं घ्या.

प्रश्न : भाड्याचे आइस स्केट्स घेताना काय तपासायचं? काउंटरवर गर्दी असते, जे हातात पडतं ते घालून निघतो, आणि पाच मिनिटांत घोटे आतल्या बाजूला कोसळायला लागतात.

घोटे कोसळण्याचं खापर सगळे ‘घोटे कमजोर’ यावर फोडतात. दहातल्या आठ वेळा बूट मोठा असतो, किंवा नाडी चुकीची बांधलेली असते, किंवा चामडं मेलेलं असतं. हे तिन्ही दोन मिनिटांत कळतं.

बूट हातात घ्या आणि घोट्याजवळची वरची बाजू अंगठ्याने आत दाबा. कपड्यासारखी दुमडली तर बूट परत करा. असा बूट कितीही आवळला तरी आधार देत नाही.

मग ब्लेड. त्याच्या तळाला मधोमध लांब पन्हळ कोरलेली असते आणि पन्हळीच्या दोन बाजूंना दोन कडा. धार या दोन कडांची. पन्हळ नावाला उरली असेल तर तुम्ही सपाट पट्टीवर उभे आहात आणि ती बर्फावर आडवी सरकणारच. तपासायला ब्लेड उलटं करून दिव्याकडे धरा. धारदार कड दिसत नाही, बोथट कडेवर उजेडाची बारीक चमकती रेघ दिसते. शिवाय नखाची पाठ कडेवर हलकेच आडवी ओढा. नखाचा पांढरा कीस निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर नाही. बोटाचं टोक फिरवून बघायचं नाही. दोन्ही कडा, आणि पुढे, मध्ये, मागे अशा तीन ठिकाणी बघा. भाड्याच्या ब्लेडवर एक कड शाबूत आणि दुसरी गेलेली, असं सर्रास आढळतं. असा बूट एका बाजूला चालतो आणि दुसऱ्या बाजूला दगा देतो.

धार लावून मिळत असेल आणि पन्हळ किती खोल हवी असं विचारलं, तर मोठ्या माणसाला पन्हळीच्या गोलाईची त्रिज्या साधारण १३ मिलिमीटर सांगा, म्हणजे अर्धा इंच. त्रिज्या लहान तेवढी पन्हळ खोल आणि पकड जास्त. हलक्या मुलाचं वजन कडेला बर्फात दाबायला पुरत नाही, म्हणून त्याला ९ ते १० मिलिमीटर चालते. वजनदार माणसाला १६ बरी, नाहीतर कड इतकी धरते की थांबताना तोल जातो.

मापाचं म्हणाल तर नेहमीच्या बुटाचा नंबर मागा आणि त्याहून एक लहानही घालून बघा. मोजे एकच जोडी, पातळ. जाड लोकरी मोजे घातले की पाय बुटात पोहतो आणि घामाने लवकर गारठतो. बूट घातल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे बसवा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरावीत. टाच उचलली जात असेल तर नंबर मोठा आहे.

नाडीचा ताण सगळीकडे सारखा नसतो. बोटांवरच्या दोन-तीन भोकांत सैल, पावलाच्या उंचवट्यावरून घोट्याच्या वळणापर्यंत घट्ट, इतकी की ओढताना बोटं दुखावीत, आणि सगळ्यात वरच्या आकड्यांना पुन्हा थोडी सैल. वरही आवळली तर गुडघा पुढे वाकत नाही. गुडघा वाकला नाही की वजन टाचेवर जातं आणि माणूस पाठीवर पडतो. पावलाला मुंग्या आल्या तर उंचवट्यावर जास्त आवळलंय. पहिल्या दहा मिनिटांनी चामडं गरम होऊन सैलावतं, तेव्हा बाहेर येऊन एकदा पुन्हा बांधा. ही पुन्हा बांधणी बहुतेक जण टाळतात आणि मग उरलेला तासभर घोट्यांना शिव्या देतात.

प्रश्न : मी सहा वर्षं चार चाकांच्या क्वाड स्केट्सवर रोलर स्केटिंग करते. बर्फावर आपोआप जमेल ना?

तोल, गुडघ्याचा वाक आणि ढकलण्याची लय तुमच्याबरोबर येईल. थांबणं येणार नाही, आणि नेमकं तेच पहिल्यांदा लागतं.

क्वाडच्या पुढे रबराचा टो स्टॉप असतो. चवड्यावर वजन टाकलं की तो घासतो आणि वेग मरतो. फिगर स्केटच्या पुढेही तसंच काहीतरी दिसतं, पण ते दाते आहेत. उड्या आणि गिरक्यांसाठी असतात, थांबण्यासाठी नव्हेत. सवयीने त्यांच्यावर वजन टाकलंत की ते बर्फात रुततात, पाय जागेवर थांबतो आणि धड पुढे जातं. रोलरवरून आलेल्यांचं पहिलं तोंडघशी पडणं असंच होतं. पहिल्या दिवशी वजन पावलाच्या मध्यावर, किंचित टाचेकडे ठेवा. दाते नकोतच असं वाटत असेल तर हॉकी स्केट मागा. त्याला दाते नसतात, मात्र ब्लेड पुढे-मागे गोलाई घेतलेलं असल्याने सुरुवातीला झोकांड्या जातात.

थांबायला कठड्याजवळ उभं राहून एक पाऊल आडवं ठेवा आणि बर्फाचा वरचा कीस बाहेरच्या दिशेने खरवडायचा सराव करा. खरवडण्याचा आवाज यायला हवा. ब्लेड जास्त तिरपं केलं तर कड रुतते, अगदी सरळ ठेवलं तर नुसती घसरते. मधला कोन सापडेपर्यंत वीस-तीस वेळा करावं लागतं. तो सापडला की हळू चालीत दोन्ही टाचा बाहेर ढकलून तेच करा.

प्रश्न : डोंगरावरच्या जुन्या लाकडी फरशीच्या रोलर रिंकवर सकाळी चाकं घसरत होती आणि दुपारी तीच चाकं जड चालत होती. दोष चाकांचा की फरशीचा?

सकाळी फरशीचा, दुपारी बहुधा बेअरिंगचा.

डोंगरात धुकं आत शिरतं आणि रात्रभर गार पडलेल्या लाकडावर पाण्याची न दिसणारी झिलई धरते. हातरुमाल फरशीवर फिरवा, ओला लागला तर थांबा. दारं-खिडक्या उघडून हवा खेळली की अर्ध्या-पाऊण तासात सुकते. त्यात गारठ्याने चाकांचं पॉलियुरेथेन आणखी कडक होतं, म्हणजे पकड दोन्हीकडून जाते. भाड्याचे स्केट्स थंडगार कपाटातून निघाले असतील तर पहिल्या चार-पाच फेऱ्या चालीच्या वेगाने मारा.

चाकाचा कडकपणा चाकावरच छापलेला असतो, आकडा आणि पुढे ‘ए’. ७८ ते ८५ मऊ, बाहेरच्या रस्त्यासाठी. ८८ ते १०१ कडक, आतल्या फरशीसाठी. गुळगुळीत, जरा घसरट लाकडावर त्यातलं ८८ ते ९२ घ्या. ९८च्या पुढची चाकं चांगला लेप दिलेल्या फरशीवर आणि सरावलेल्या पायालाच शोभतात. डोंगरातल्या पुष्कळ रिंक नुसत्या काँक्रीटच्या असतात, तिथे ८५च्या आसपासची चाकं दात खिळखिळे करत नाहीत.

आता जडपणा. स्केट उलटा करून प्रत्येक चाक बोटाने फिरवा. खरखर येते का, चटकन थांबतं का ते ऐका आणि बघा. चाक डगमगत असेल तर नट सैल आहे आणि फिरतच नसेल तर जास्त आवळलाय. नट पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यायचा, चाकाला जेमतेम जाणवेल इतकी खेळ राहायला हवी. तरीही खरखर राहिली तर बेअरिंगमध्ये गंज किंवा माती आहे. एका चाकात दोन, म्हणजे जोडीत सोळा बेअरिंग. बहुतेक ६०८ मापाची असतात : बाहेरचा व्यास २२, भोक ८ आणि जाडी ७ मिलिमीटर. काही क्वाडचा आस ७ मिलिमीटरचा असतो, त्याला ६२७ लागतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून नवीन घेण्याआधी आस मोजा.

साफ करायला बेअरिंगचं रबरी झाकण टाचणीने उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून मळ काढा, पूर्ण वाळवा आणि पातळ तेलाचे एक किंवा दोन थेंब सोडा. थेंब खरोखर मोजा. जास्त तेल धूळ धरतं आणि महिन्याभरात परत तेच दुखणं. घट्ट ग्रीस थंडीत आणखी घट्ट होतं, डोंगरात ते टाळलेलं बरं. पाण्याने धुऊ नका.

प्रश्न : उंचावर लवकर दम लागतो. स्केटिंगचे विक्रम मात्र उंचावरच्या रिंकवर होतात असं वाचलं. दोन्ही खरं कसं?

दोन्हीचं मूळ एकच, विरळ हवा. अल्माटीजवळची मेदेऊ रिंक १,६९१ मीटरवर आहे. युटातल्या कर्न्सची, २००२च्या हिवाळी ऑलिम्पिकची रिंक १,४२५ मीटरवर. स्पीड स्केटिंगमध्ये बराचसा जोर हवा कापण्यात खर्ची पडतो आणि हवा विरळ तेवढा तो वाचतो. पण तो फायदा ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाला. तुमच्या-आमच्या वेगाला हवेचा अडथळा नगण्य, प्राणवायूची तूट मात्र पुरेपूर. २,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश असतो. पोचल्याच दिवशी तासाची पाळी घेऊ नका, पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुरे. डोकं दुखून मळमळत असेल तर अजिबात नको.

बंदिस्त आइस रिंकमध्ये डोकं दुखायला लागलं तर मात्र सगळं उंचीवर ढकलू नका. बर्फ सारखा करणारी गाडी इंधनावर चालत असेल आणि हवा खेळती नसेल, तर आत कार्बन मोनॉक्साइड साचतो. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखलं तर मुलांना घेऊन लगेच बाहेर या आणि व्यवस्थापकाला सांगा.

उघड्या रिंकवर डोळेही सांभाळा. दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि आजूबाजूचं हिम ते खालून परत डोळ्यांत फेकतं. टोपीचा उपयोग वरून येणाऱ्या उन्हालाच, म्हणून गॉगल बाजूंनी झाकणारा हवा.

प्रश्न : रिंकचा बर्फ सारखा करणारी गाडी त्यावर गरम पाणी का टाकते? गारच पाणी लवकर गोठणार ना?

लवकर गोठेल, पण नीट चिकटणार नाही. गाडी आधी पात्याने वरचा खरवडलेला थर तासते, खाचा धुते आणि मागच्या कापडातून सुमारे ६० अंशांचं पाणी पातळ पसरते. गरम पाणी जुन्या बर्फाचा वरचा पापुद्रा वितळवतं आणि दोन्ही एकजीव होऊन गोठतात. शिवाय गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी, त्यामुळे बर्फ जास्त घट्ट होतो. गाडी गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. ओल्या बर्फावर उतरलात तर तुमच्या खाचा तशाच गोठून पुढच्या पाळीभर राहतात.

प्रश्न : मुक्कामाजवळच्या तलावावर लोक स्केटिंग करताना दिसले. आम्ही उतरलो तर चालेल का?

लोक दिसले हा पुरावा नाही. कुणी जाडी मोजली का, ते विचारा. स्वच्छ, काळपट, पारदर्शक बर्फ किमान १० सेंटिमीटर हवा. पांढरा, दुधी बर्फ हिम मिसळून बनलेला असतो आणि त्याची ताकद निम्मी धरतात, म्हणजे तो २० हवा. ही जाडी भोक पाडून मोजायची, आणि एकदा नाही, पुढे सरकताना पुन्हा पुन्हा. ओढा जिथे मिळतो, जिथून पाणी बाहेर पडतं, लव्हाळ्याभोवती, पुलाखाली आणि काठाच्या खडकांपाशी तो हमखास पातळ असतो. वर ताजं हिम असेल तर खालचा बर्फ वाढत नाही, आणि काय लपलंय ते दिसतही नाही.

ऑस्ट्रियातला वायसनझे तलाव ९३० मीटरवर आहे. १९८९ पासून तिथे डच लोक २०० किलोमीटरची स्केटिंग शर्यत भरवतात, पण तिथला बर्फ रोज मोजला आणि राखला जातो. न राखलेल्या तलावावर आमचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे.

तरी बर्फ फुटून कुणी पाण्यात पडलंच तर क्रम लक्षात ठेवा. पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचं, तोंड पाण्यावर ठेवून. मग हातापायांत ताकद राहते ती साधारण दहा मिनिटं. ज्या दिशेने आलात तिकडेच तोंड करा, कारण तिकडच्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. पाय मागे आडवे झाडत पोटावर सरकून वर या आणि उभं न राहता लोळत दूर जा. वाचवणाऱ्याने काठावर आडवं पडून दोर, फांदी, मफलर काहीही फेकावं. चालत जवळ जायचं नाही.

प्रश्न : हॉटेलच्या गच्चीवर ‘बाराही महिने बर्फ’ असलेली रिंक आहे. खरा बर्फ असतो का?

बाराही महिने आणि गच्चीवर म्हणजे बहुधा पॉलिथिलीनच्या जोडपट्ट्या. स्केट्स खरे, ‘बर्फ’ प्लास्टिकचा. घर्षण जास्त असल्याने घसरत जाणं कमी आणि ढकलणं जास्त. पहिल्यांदा उभं राहणाऱ्या लहान मुलाला ते सोयीचंच पडतं. पट्ट्यांचे सांधे पायाने चाचपा, एखादा वर आला असेल तर ब्लेड तिथे अडकतं. प्लास्टिकवर धार फार लवकर जाते, म्हणून स्वतःचे स्केट्स तिथे नेऊ नका, भाड्याचेच घ्या. पडलात तर प्लास्टिकचा कीस कपड्यांना चिकटतो. तो हाताने झटकून जात नाही, ब्रश लागतो.